पंप आमचा कष्टाळू

चंदगड तालुक्यात जुलै महिन्यात शेतातलं पाणी बाहेर काढावं लागतं, आत सोडावं लागत नाही. तिलारीच्या माथ्यावर पाऊस उसंत घेत नाही, खाचरात रोपलागण चाललेली आणि पंपाच्या पेटीत पालीनं संसार मांडलेला. तरी कागदावर पंप सुरूच. कारण मीटर नसलेल्या कृषिपंपाचं बिल युनिटवर नाही, अश्वशक्तीवर निघतं. पाच एचपीचा पंप, पाच एचपीचं बिल; फिरला काय नि गंजला काय.

यात महावितरणला बोल लावू नये. वीज कायदा जून २००३ मध्ये लागू झाला. त्याचं कलम ५५ म्हणतं, दोन वर्षांनंतर मीटरशिवाय वीज देऊ नका. म्हणजे मुदत जून २००५. नेमक्या त्याच महिन्यात, ६ जूनला, वीज मंडळाची वाटणी होऊन महावितरण जन्माला आलं. बारशाच्या गडबडीत मीटर राहून गेले. मुदत वाढवायची सोय कायद्यातच आहे, आणि सरकारी सोय कधी वाया जात नाही.

न मोजलेला आकडा ताळेबंदाला मोठा गुणकारी. आकडे टाकून चोरलेली वीज, जुन्या तारांत जिरलेली वीज, न वाचलेल्या मीटरची वीज, सगळी शेतकऱ्याच्या नावावर लिहिली की गळती आपोआप उतरते. हा प्रयोग मंडळाच्या काळात होऊन गेलाय. कागदावर विशीच्या आत बसलेली गळती २००० च्या सुमारास नियामक आयोगापुढं हिशेब ठेवायची पाळी येताच तिशी ओलांडून गेली. तारा त्याच, खांब तेच, पेन तेवढं बदललं. वीज ग्राहक संघटनेचे इचलकरंजीचे प्रताप होगाडे कृषिपंपांच्या या फुगीर वापरावर वर्षानुवर्षं बोट ठेवत आलेत. पण बोटाला काय, मीटर थोडाच असतो!

आता तर तक्रारच मिटली. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं; योजना सुरू झाली तेव्हा पंप ४४ लाख, वर्षाची रक्कम १४,७६० कोटी. आमच्या वाडीतल्या काकांना म्हटलं, "काका, किती युनिट जळली ते तरी बघा." तर म्हणाले, "अरे, बिल शून्य आलंय न्हवं? गप बस की."

पूर्वी निदान बिल हातात घेऊन माणूस उपविभागीय कार्यालयात भांडायला तरी जायचा. आता न मोजलेल्या विजेचे पैसे सरकार देतं, सरकारी कंपनी घेते, आणि पोचपावतीवर नाव काकांचं.

यावर औषध महाग नाही. उपकेंद्रातून प्रत्येक शेती फीडरवर किती युनिट सोडली हे मोजता येतं. तो आकडा आणि त्याच फीडरवरच्या पंपांच्या नावे लिहिलेली युनिट, असे दोन आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर शेजारी शेजारी लावावेत. पुढच्या दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग हरकती मागवेल, तेव्हा चंदगडकरांनी एवढीच मागणी लिहून पाठवावी. बिल शून्य आलेल्यांनी तर आधी पाठवावी.