हर्नडनची हुंडणावळ

ज्या गावाचे नावच मुळी सोन्यासकट समुद्रतळाशी गेलेल्या एका कप्तानावरून पडले, त्या गावात बिऱ्हाड थाटून आपला पैसा सातासमुद्रांपलीकडे धडधाकट पोहोचावा अशी अपेक्षा बाळगणाऱ्या माणसाला शहाणा म्हणावे की नाही, हा प्रश्न मी सुज्ञ वाचकांवर सोपवतो. व्हर्जिनियातील फेअरफॅक्स परगण्यात, डलेस विमानतळाच्या अगदी उशाशी वसलेल्या आमच्या हर्नडनला विल्यम लुईस हर्नडन नामक आरमारी अधिकाऱ्याचे नाव लाभले आहे. 1857 साली, तिकडे हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटलेला असताना, कॅलिफोर्नियाचे सोने घेऊन न्यूयॉर्ककडे निघालेले त्याचे ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून दूर वादळात सापडले. बायकामुलांना दुसऱ्या गलबतावर पोहोचते करून 12 सप्टेंबर रोजी कप्तानाने चारशेंहून अधिक माणसांसह जलसमाधी घेतली. आणि न्यूयॉर्कच्या ज्या पेढ्या त्या सोन्याकडे डोळे लावून बसल्या होत्या, त्यांच्यात आधीच माजलेली घबराट या वार्तेने दुणावली. त्यातले काही सोने 1988 पासून पुढे वर काढण्यात आले. एकशे एकतीस वर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही त्याच्या वजनात म्हणण्यासारखी तूट आली नाही, याचा मला मनस्वी हेवा वाटतो. कारण माझे शंभर डॉलर हर्नडनहून पुण्याला अर्ध्या निमिषात पोहोचतात आणि तेवढ्या अवधीत त्यांतले पाचसहा कोठे झडून जातात, याचा पत्ता कोणत्याही पाणबुड्याला लागलेला नाही.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून मराठी माणसाला जे व्यसन लावले, ते अटलांटिक ओलांडल्याने सुटत नाही, उलट बळावते. आश्विन लागला, हर्नडनच्या जुन्या रेल्वे स्थानकाजवळच्या झाडांची पाने तांबडी होऊ लागली, की आमच्या घरात पुण्याच्या दुकानदाराकडून अंकांचा संच मागवण्याची घटिका येते. संच निवडून झाला, पत्ता लिहून झाला, की पडद्यावर एक अत्यंत अदबशीर पृच्छा होते: रक्कम रुपयांत देणार, की आपल्या सोयीसाठी डॉलरांत? ज्या समाजात वर्षानुवर्षे कोणी आपल्या सोयीची चौकशी केलेली नसते, त्या समाजातून आलेला मनुष्य या प्रश्नाने विरघळून जातो, आणि नेमका तेथेच नागवला जातो.

समजा, टपालहशिलासह रक्कम 9,000 रुपये झाली आणि बाजारात त्या दिवशी डॉलरचा भाव नव्वद आहे. म्हणजे सरळ त्रैराशिकाने 100 डॉलर. पण सोयीचे बटण दाबले, की दुकानदाराच्या बाजूचा मध्यस्थ डॉलरचा भाव स्वतःच्या मर्जीने पंच्याऐंशी धरतो आणि शंभराचे जवळजवळ एकशे सहा होतात. रुपयांचे बटण दाबावे, तर भाव पुष्कळसा सचोटीचा मिळतो, परंतु कार्ड देणारी पेढी ‘परदेशी व्यवहार’ या सदराखाली शेकडा तीनपर्यंत दस्तुरी कापते. कित्येक कार्डांची तर अशी मखलाशी असते, की डॉलर मोजले तरी दुकान परदेशातले म्हणून दस्तुरी द्यावीच लागते, म्हणजे सोयीचे सहा आणि गैरसोयीचे तीन असा दुहेरी वसूल. या दस्तुरीची माफी असलेले कार्ड बाळगून नेहमी दुकानदाराच्याच चलनाचे बटण दाबावे, हा त्यावरचा उतारा मला ठाऊक आहे. तथापि आमच्या घरी बटण सौभाग्यवती दाबतात, आणि ‘सोयीसाठी’ असे लिहिले असता गैरसोय पत्करणे त्यांना अप्रशस्त वाटते.

बट्टा घेणे हा काही नवा अधर्म नव्हे. पेशवाईत पुण्याच्या बाजारात नाना टाकसाळींचे रुपये चालत, प्रत्येकाचा कस निराळा आणि म्हणून बट्टाही निराळा. निजामाच्या मुलखात तर 1950च्या दशकापर्यंत हाली सिक्का होता आणि त्याचा भाव असा, की बाहेरच्या मुलखात चालणाऱ्या 100 कलदार रुपयांना 116 हाली रुपये, 10 आणे आणि 8 पै मोजावे लागत. औरंगाबादेहून गाडीत बसलेल्या माणसाच्या खिशातला रुपया मनमाडला उतरेपर्यंत, काही एक खर्च न करता, सहा-सप्तमांश होऊन जाई. पण त्या काळी बट्टा घेणाऱ्याला चेहरा होता. सराफ गादीवर बसे, नाणे दगडावर आपटून त्याचा नाद ऐके, कपाळाला आठ्या घाली आणि किती बट्टा पडेल ते तोंडावर सांगे; गिऱ्हाइकालाही मग त्याच्या सात पिढ्यांचा तोंडावर उद्धार करता येई. आजचा सराफ अदृश्य आहे, आणि वर त्याच्या पेढीवर ‘शुल्क शून्य’ अशी पाटी झळकते. गवळ्याने दुधातल्या पाण्याचे आपण पैसे घेत नाही म्हणून छातीला हात लावून सांगावे, तसलेच हे औदार्य. बट्टा भावात मुरवलेला असतो. अमेरिकेच्या सरकारने 28 ऑक्टोबर 2013 पासून असा दंडक घातला, की परदेशी पैसा पाठवणाऱ्याला भाव, शुल्क आणि पलीकडे पोहोचणारी रक्कम आधी दाखवलीच पाहिजे. दाखवतातही, मात्र बाजारातला खरा भाव शेजारी लिहिण्याची सक्ती नसल्यामुळे, आपण किती नागवले गेलो याचे त्रैराशिक रयतेनेच मांडावयाचे असते.

2025 साली या प्रकरणाला जकातीचे निमित्त झाले. आठशे डॉलरांपर्यंतच्या मालाला असलेली माफी अमेरिकेने ऑगस्टअखेर काढून घेतली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून इकडची पार्सले घेणे थांबवले, आणि ती पुन्हा सुरू झाली तेव्हा दिवाळी जेमतेम आठवड्यावर आली होती. दुकानदार सज्जन, त्याने आमचा संच रद्द करून पूर्ण रक्कम परत केली. पूर्ण, म्हणजे रुपयांत पूर्ण. जाताना तिला एक भाव लागला होता, येताना दुसरा लागला, आणि दोन्ही भाव पेढीच्या पथ्यावर पडले. अंक मी वाचले नाहीत, दुकानदाराने विकले नाहीत, टपालवाल्याने उचलले नाहीत. फलाची आशा न धरता कर्म करावे असा उपदेश ज्या देशात झाला, त्या देशाशी व्यवहार करताना कर्मच न करता फल पदरात पाडून घेणारा हा तिसरा पुरुष पाहून मी थक्क झालो.

विक्रीच्या बाजूची हकीकत याहून करुण आहे. माझा पुतण्या पुण्यात चित्रे काढतो. त्याचे एक गणपतीचे चित्र येथल्या माझ्या स्नेह्याने पन्नास डॉलरांना घेतले आणि मूल्य पेढीमार्फत रवाना केले. वाटेतल्या एका अनाहूत पेढीने आपली वाटखर्ची म्हणून त्यातला मोठा लचका तोडला. उरलेले पुण्यास पोहोचले, तो बँकेतल्या कारकुनाने पैसे कशाबद्दल आले ते विचारले. कारण रिझर्व्ह बँकेच्या यादीत प्रत्येक आवक रकमेला एक पर्पज कोड द्यावा लागतो.

“गणपतीचं चित्र काढलं, त्याचे,” पुतण्या म्हणाला.

“यादीत गणपती नाही. सॉफ्टवेअर टाकू का?”

अशा रीतीने विघ्नहर्ता सरकारी दफ्तरात सॉफ्टवेअर म्हणून रुजू झाला. तो बुद्धीची देवता असल्यामुळे हे वर्गीकरण मला सर्वस्वी अयोग्य वाटत नाही. त्यानंतर चलन बदलून देण्याच्या सेवेचे मूल्य, रक्कम कितीही किरकोळ असली तरी, निदान 250 रुपये मानावे या नियमाने शेकडा 18 प्रमाणे 45 रुपये जीएसटी कापला गेला. हा शेवटचा आकडा तेवढा मला आवडला. तो उघड्यावर सांगितलेला आहे आणि त्याच्याशी भांडता येते.

या सर्व अनुभवांती आम्ही पेढ्यांना फाटा देऊन मामांची योजना केली. मामा सदाशिव पेठेत राहतात. ते अप्पा बळवंत चौकात जाऊन रोख रुपयांत अंक घेतात, डलेसला येणारा एखादा सज्जन हेरून त्याच्या सामानात ते कोंबतात, आणि मी परतीच्या सज्जनाबरोबर बदाम आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या धाडतो. कार्ड नाही, बटण नाही, दस्तुरी नाही. मात्र मामांकडे दोन भाव आहेत. आम्ही 2010 साली देश सोडला तेव्हा डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता, तो त्यांनी आमच्यापुरता तेथेच खिळवून ठेवला आहे; आमच्या मिळकतीचा विषय नातेवाइकांत निघाला, की मात्र ते त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला भाव लावतात. यंदा अंकांचे साडेचार हजार झाले, ते त्यांनी माझ्या नावे शंभर डॉलर मांडले. आणि मी पाठवलेल्या चाळीस डॉलरांच्या गोळ्या अठराशे रुपयांना जमा केल्या.

मी फोनवर नम्रपणे म्हणालो, “मामा, डॉलर आज नव्वद आहे.”

“तो तुझ्या पगाराला,” मामा म्हणाले. “घरच्या माणसांत कसला आलाय बाजारभाव!”