एनए काका

संभाजीनगरात एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट विकणारे काका शोधावे लागत नाहीत. जालना रोडवर कुठल्याही टपरीवर थांबा, चहा उकळायच्या आत एक तरी शेजारी येऊन उभा राहतो. बगलेत लेआउटचा नकाशा, कपाळावर चढवलेला चष्मा आणि पहिलंच वाक्य, "शेंद्र्याकडे काही घेऊन ठेवलं की नाही?"

शेंद्रा-बिडकीनचं ऑरिक हे औद्योगिक शहर म्हणजे काकांचा जीव की प्राण. दहा हजार एकर! हा आकडा ते कीर्तनकाराच्या थाटात उच्चारतात आणि टाळीसाठी थांबतात. २०१९ साली पंतप्रधानांनी ऑरिक हॉलचं उद्घाटन केलं, त्या दिवसापासून काकांच्या लेखी सिलिकॉन व्हॅली आलेलीच आहे, फक्त शेवटचा डांबरी पट्टा बाकी आहे. नळाला पाणी कधी येणार हे त्यांना सांगता येत नाही. टोयोटा कधी येणार ते महिन्यासकट सांगतात.

एकदा मी विचारलं, "काका, कारखाने येतील, पण संशोधन कोण करणार? तिकडे सिलिकॉन व्हॅलीत आधी स्टॅनफर्ड होतं. विद्यापीठानेच १९५१मध्ये आपल्या जमिनीवर कंपन्या बसवायला सुरुवात केली, ९९ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने."

काकांचे डोळे चमकले. "म्हणजे विद्यापीठानेही प्लॉटिंगच केलं ना? आपल्या एमआयडीसीत ९५ वर्षं देतात. चारच वर्षांनी मागे आहोत आपण!"

काकांशी वाद घालणं अवघड, कारण ते अर्धे बरोबर असतात. १९८५मध्ये बजाज वाळूजला आली ती विद्यापीठ बघून नव्हे. तिच्यामागून सुटे भाग करणारे आले. हाताने काम करणारी माणसं हवी होती, ती आयटीआयने दिली, इंडो-जर्मन टूल रूमने दिली. लेथवरचा आमचा पोरगा कुणाला ऐकणार नाही. पण गाडीचा भाग अचूक करणं वेगळं आणि गाडी कशी असावी हे ठरवणं वेगळं; ते ठरवणारे अजून पुण्यातच बसतात. तसं विद्यापीठ आमच्याकडे १९५८पासून आहे, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६०पासून. तिथे प्राध्यापकांच्या किती जागा रिकाम्या आहेत हे मात्र काकांनी कधी विचारलेलं नाही. रिकामी जागा म्हटलं की त्यांना चौरस फूटच आठवतात.

आयआयएम येणार म्हणून शहराने मोठी आशा धरली होती. काकांनी तर "नियोजित आयआयएमपासून दहा मिनिटांवर" असा बोर्डही रंगवला. २०१५मध्ये आयआयएम नागपूरला सुरू झालं. आम्ही चिडलो, निवेदनं दिली. काकांनी पेंटरला बोलावून 'आयआयएम' खोडलं आणि 'समृद्धी महामार्ग' लिहून घेतलं. मिनिटं तीच ठेवली.

काकांची मुलगी त्याच सरकारी कॉलेजातली, गुणी. नोकरी हिंजवडीत. रविवारी रात्री बाबा पेट्रोल पंपापाशी पुण्याच्या ट्रॅव्हल्स लागतात, तेव्हा बॅगा धरून उभ्या असलेल्या बापांमध्ये काकाही असतात. परवा मुलगी खिडकीतून म्हणाली, "बाबा, इथे काही निघालं तर कळवा."

"निघणारच की गं!" काका म्हणाले. गाडी हलली. काकांनी बगलेतला नकाशा काढून शेजारच्या बापासमोर उलगडला.

"साहेब, तुमचाही पुण्यातच ना? रिटायर झाल्यावर कुठे राहणार तो? एनए फोर्टीफोर, क्लिअर टायटल. आत्ताच घेऊन ठेवा."