सर्वांत चांगला आकडा

आयसीयूत नव्याने आलेल्या रेसिडेंटला सुरुवातीलाच एक हिशेब शिकवतात. दाखल झाल्यापासूनच्या चोवीस तासांत रुग्णाची नाडी, रक्तदाब, ताप, सोडियम, क्रिएटिनिन असं जे जे मोजलं असेल, त्यातला सर्वांत वाईट आकडा घ्यायचा. त्याला गुण द्यायचे, वयाचे आणि जुन्या आजारांचे गुण त्यात मिळवायचे आणि बेरजेवरून पुढचा अंदाज बांधायचा. १९८५ साली अमेरिकेत तयार झालेली ही अपाचे-२ नावाची गुणपत्रिका अजूनही जगभर चालते. तिच्यामागचा विचार सरळ आहे: डॉक्टरने स्वतःची समजूत घालून घेऊ नये. दुपारी नाडी नव्वदवर आली होती हे नातेवाइकांना सांगायला ठीक. हिशेबात पहाटेची एकशे साठच धरायची.

हाच रेसिडेंट वर्षातून एकदा, परिषदेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट (म्हणजे संशोधनाचा सारांश) पाठवायच्या शेवटच्या चोवीस तासांत, त्याच आकड्यांसमोर बसतो आणि त्यातला सर्वांत चांगला निवडतो. हे मात्र त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

तो हे का करतो? ज्ञानाची तहान वगैरे आहेच. पण नियमही आहेत. मेडिकल कौन्सिलच्या पदव्युत्तर नियमावलीत बरीच वर्षं एक कलम होतं: परीक्षेला बसायचं तर विद्यार्थ्याने एक पोस्टर लावलेलं असावं, एक पेपर वाचलेला असावा आणि एक शोधनिबंध छापून आलेला, स्वीकारला गेलेला किंवा छापण्यासाठी पाठवलेला असावा. हा तिसरा पर्याय ज्याने घातला, त्याला माणसं ओळखता येत असणार. एका पिढीने अख्खं संशोधन 'पाठवलं'. ते पोहोचलं का, हे विचारण्याचा उद्धटपणा कोणी केला नाही. शिकून झालेल्यांचीही सुटका नाही. महाराष्ट्रात डॉक्टरला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर तीस क्रेडिट पॉइंट लागतात, ते परिषदांतून मिळतात, आणि परिषदेला जायला रजा हवी तर 'माझं पोस्टर आहे' यापेक्षा चांगलं कारण प्रशासनाला अजून सापडलेलं नाही.

विषय निवडणं त्यामानाने सोपं. आधी प्रश्न पडतो आणि मग माहिती गोळा करतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात माहिती एमआरडीच्या, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागाच्या, तळघरात केसपेपरांच्या गठ्ठ्यांत आधीपासून पडून असते, तिला साजेसा प्रश्न शोधायचा असतो. रक्ताच्या साध्या तपासणीत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे दोन आकडे छापून येतातच. एकाला दुसऱ्याने भागा. भागाकाराला अनुदान लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि जुन्या कागदांवरचा अभ्यास म्हटल्यावर रुग्णाच्या संमतीतूनही बहुधा सूट मिळते, कारण रुग्ण केव्हाच घरी गेलेला असतो. किंवा नसतो. या एका भागाकारावर सेप्सिसपासून स्वादुपिंडाच्या सुजेपर्यंत इतकं काही निघालं आहे, की लिम्फोसाइटला मानधन द्यायची वेळ आली आहे.

मग लेखन. अडीचशे शब्दांत पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्ष आणि अनुमान. अनुमान आधी लिहितात. ते ठरलेलं असतं. शब्द जास्त झाले तर दोन शब्दांमध्ये आडवी रेघ मारायची, परिषदेच्या पोर्टलला तो एकच शब्द वाटतो. आठ-आठ शब्दांच्या अशा मालगाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या वेळेवर पोहोचलेल्याही पाहिल्या आहेत. संस्थेचं नाव लिहायचं नाही, परीक्षकाला कळता कामा नये. म्हणून लिहायचं, 'पश्चिम भारतातल्या, समुद्रकिनाऱ्याजवळच्या, अठराशे खाटांच्या, शतकभर जुन्या रुग्णालयात'.

रात्री साडेअकराला फोन होतो.

"सर, पी पॉइंट झिरो सिक्स येतंय."

"अरे, किती पेशंट घेतलेस?"

"अठ्ठावन्न, सर."

"मग दोन-चार बघ की अजून. एमआरडीत असतील."

"एमआरडी सहाला बंद झालं, सर."

"बरं, मग 'ट्रेंड टुवर्ड्‌स सिग्निफिकन्स' लिही. आणि माझं स्पेलिंग नीट घाल. मागच्या वेळी एक 'ए' खाल्ला होतास."

रोनाल्ड फिशर हा गृहस्थ रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात पिकांचे आणि खतांचे हिशेब करत होता. १९२५ सालच्या पुस्तकात त्याने पी व्हॅल्यूसाठी, म्हणजे परिणाम नसतानाही असा निकाल निव्वळ योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेसाठी, ०.०५ ही एक सोयीची मर्यादा सुचवली. बटाट्याच्या वाफ्यांवर विचार करणाऱ्या माणसाची ती सोय पुढे शंभर वर्षं अतिदक्षता विभागात कोणतं औषध जगेल आणि कोणतं मरेल हे ठरवत राहील, याची त्याला कल्पना नसणार. पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागातल्या स्टॅटिस्टिशियनला मात्र पूर्ण कल्पना असते. हंगामात त्याच्या दाराबाहेर जेवढी गर्दी असते तेवढी ओपीडीतही नसते, आणि सगळ्या रुग्णांच्या आकड्यांचा मास्टर चार्ट हातात घेऊन उभा असलेला प्रत्येक जण एकच विचारतो, "सर, काही करता येईल का?" आयसीयूच्या दाराशी नातेवाईक आम्हाला हेच विचारतात.

आता 'पद्धत' या मथळ्याखालचं एक वाक्य. ते बहुतेक भारतीय अ‍ॅबस्ट्रॅक्टांत असतं आणि कोणी वाचत नाही: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेलेल्या रुग्णांना अभ्यासातून वगळण्यात आले. रुग्णालयाच्या भाषेत, 'डामा'वाले काढले.

डामा कसा होतो ते आयसीयूत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी बिलाचा कागद येतो. विमा नसतो, किंवा असतो आणि या आजाराला लागू नसतो. योजनेचं पॅकेज संपलेलं असतं. गावाकडचं जे विकण्याजोगं होतं ते तिसऱ्या दिवशीच विकून झालेलं असतं. थोरला मुलगा फॉर्मवर सही करतो. त्यात लिहिलेलं असतं की आम्ही आमच्या जबाबदारीवर रुग्णाला नेत आहोत. व्हेंटिलेटर काढून अम्बू बॅग लावतात, सिस्टर पुतण्याला शिकवतात, "असं दाबायचं, सोडायचं, मोजत राहायचं, थांबायचं नाही." अ‍ॅम्ब्युलन्स निघते. हा रुग्ण आमच्या दप्तरी मेलेला नाही. पूर्ण बरा झालेलाही नाही. तो वगळलेला आहे.

समजा शंभर रुग्ण दाखल झाले. तीस वॉर्डात दगावले, वीस डामा गेले. ते वीसही वाटेत किंवा घरी पोहोचून गेले असतील, तर खरा मृत्युदर पन्नास टक्के. वीस वगळले की उरलेल्या ऐंशींत तीस, म्हणजे साडेसदतीस. आणि रेसिडेंट फारच होतकरू असेल, त्याने त्या विसांना 'डिस्चार्ज'च्या रकान्यात बसवलं, तर सरळ तीस. औषध तेच, डॉक्टर तेच. फक्त एक्सेल शीटमधल्या एका रकान्याने वीस माणसं वाचवली. इतका प्रभावी उपचार आमच्या शाखेत दुसरा नाही. त्याच्यावर अ‍ॅबस्ट्रॅक्ट मात्र अजून कोणी पाठवलेलं मला आठवत नाही.

हाताने बॅग दाबण्यावरून आठवलं. ही शाखाच त्यातून जन्माला आली. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वास बंद पडत चाललेल्या एकतीस रुग्णांना त्या काळच्या यंत्रांवर ठेवलं, त्यातले सत्तावीस गेले. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेदातून नळी घालून रबरी पिशवीने हवा भरायला सुरुवात केली. ती जगली. मग सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने, हाताने पिशव्या दाबल्या. मृत्युदर निम्म्याहून खाली आला. पुढच्याच वर्षी कोपनहेगनमध्येच इब्सेनने आधुनिक अर्थाने पहिला अतिदक्षता विभाग सुरू केला. भारतात आमच्या लोकांची संघटना व्हायला १९९३ साल उजाडावं लागलं. ती झाली मुंबईत.

कोपनहेगनचा तो अहवाल १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. लेखक एक: रुग्णालयाचे प्रमुख लासेन. पंधराशे विद्यार्थ्यांपैकी एकही नाही, इब्सेनही नाही. आज इतका संकोच कोणी बाळगत नाही. लेखकांची नावं अडीचशे शब्दांत मोजत नाहीत, हे कळल्यापासून ती यादी लग्नपत्रिकेतल्या 'आपले नम्र'सारखी झाली आहे: वडीलधारे आधी, मानाचे पाहुणे मग, रुसतील अशी शक्यता असलेले त्यानंतर, आणि ज्यांनी मांडव घातला ते कुठेच नाहीत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपदासाठी चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात हात, अंतिम रूपाला मान्यता आणि चूक निघाल्यास जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. आमच्याकडे चौथी अट ऐकली की सहावा लेखक फोन उचलत नाही. ज्या सिस्टरने दर तासाला नाडी, रक्तदाब, लघवी लिहून तो मास्टर चार्ट भरण्याजोगा केला, तिचं नाव शेवटच्या ओळीतही नसतं. ज्या मामाने गठ्ठे तळघरातून वर आणले त्याला चहा मिळाला. मावशींना तोही नाही.

पोर्टलवर इब्सेनची ती पहिली केस आज कोणी टाकली असती तर परीक्षकाचा शेरा कसा असता, ते मी सांगू शकतो, कारण मी परीक्षक होतो. नियंत्रण गट नाही. रँडमायझेशन नाही. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक जोडलेला नाही. रुग्णसंख्या एक. हस्तक्षेप मनुष्यबळावर अवलंबून, सर्वत्र लागू करता येईल असे वाटत नाही. दहापैकी चार. ई-पोस्टर म्हणून स्वीकारावे.

कारण नाकारायचं नसतंच. प्रत्येक स्वीकृत अ‍ॅबस्ट्रॅक्टमागे एक नोंदणी शुल्क असतं. मांडणाऱ्याने पैसे भरले नाहीत तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट रद्द. स्वीकृतीचा मेल सवलतीच्या दरातली नोंदणी संपली की दुसऱ्या दिवशी येतो. हा निव्वळ योगायोग दरवर्षी जमून येतो, त्याची पी व्हॅल्यू कोणी काढलेली नाही.

परिषदेतलं दृश्य थोडक्यात सांगतो. मुख्य सभागृहात हवा थंड, खुर्च्या मऊ आणि परदेशी पाहुणे. ई-पोस्टरचे पडदे जेवणाच्या रांगेकडे जाणाऱ्या बोळात. प्रत्येकी पाच मिनिटं. श्रोते चार: मांडणारा, त्याचा फोटो काढायला आलेला मित्र, परीक्षक, आणि पुढच्या पडद्याचा नंबर कधी येतो हे बघायला आलेली मुलगी. परीक्षक विचारतात, "सॅम्पल साइज कसा काढला?" मांडणारा म्हणतो, "कन्व्हीनियन्स सॅम्पलिंग, सर." सगळ्यांची सोय झालेली असते. प्रमाणपत्र खाली टेबलवर.

त्यानंतर त्या संशोधनाचं काय होतं? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी २०१८ साली याचा हिशेब मांडला. जगभरच्या परिषदांमधली तीन लाखांहून जास्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स तपासली. पुढे पूर्ण शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाली ती ३७ टक्के. ज्यांचे निकाल मनासारखे होते ती जास्त छापली गेली. उरलेली त्या बोळातच राहिली.

छापून आलेल्यांचं तरी बरं झालं म्हणावं, तर जीवनसत्त्व क आठवतं. २०१७ साली अमेरिकेतल्या नॉरफोकहून पॉल मॅरिक यांचा अभ्यास 'चेस्ट' या नियतकालिकात आला. सेप्सिसच्या सत्तेचाळीस रुग्णांना क जीवनसत्त्व, हायड्रोकॉर्टिसोन आणि थायामिन दिलं. आधीच्या काही महिन्यांतल्या सत्तेचाळीस जणांशी तुलना केली. आधीचे एकोणीस गेले होते, आता चार. एकच रुग्णालय, मागचे कागद, छोटी संख्या, आमच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टांचे सगळे घरचे गुण, फक्त मोठ्या मंचावर. औषध स्वस्त, निर्धोक वाटणारं. मग काय, गावोगावच्या आयसीयूत पिवळसर सलाइनं लटकली, आणि ज्याच्याकडे एक्सेल होतं त्याने पोस्टर लावलं. २०२० साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझीलमधल्या चाचणीत फायदा दिसला नाही. २०२२ च्या लोव्हिट चाचणीत आठशेवर रुग्ण होते. क जीवनसत्त्व दिलेल्यांत मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण साडेचव्वेचाळीस टक्के, न दिलेल्यांत साडेअडतीस. सलाइनं खाली उतरली. बायोडेटातली पोस्टरं उतरली नाहीत. कोणी उतरवायला सांगत नाही, आणि बढतीच्या मुलाखतीत 'ते नंतर खोटं ठरलं ना?' असं विचारायचं तर समितीला आपलेही बायोडेटा आठवतात.

यंदाची शेवटची तारीख दुसऱ्यांदा वाढली आहे. काल रात्री युनिटच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सरांचा निरोप आला: प्रत्येकाने किमान दोन, विषय कोणताही, माझं नाव शेवटी. खाली बारा अंगठे उमटले, आणि त्यांच्याखाली सिस्टर इनचार्जचा प्रश्न: सहा नंबरचे नातेवाईक कधीपासून डामाचा फॉर्म घेऊन उभे आहेत, सहीला कोणी येणार आहे का?