झाकलेलं कोंबडं

चार काड्या कढीपत्ता मागायला शेजारच्या काकूंच्या कुंपणाशी गेले आणि अर्धा तास तिथेच उभी राहिले. काकूंचं आयुष्य जमशेदपुरात गेलं, काका तिथल्या कारखान्यात. निवडणुकीचा विषय निघाला की त्यांची गाडी रांचीच्या वाटेला लागते. काल निमित्त झालं ते आमच्या वॉर्डातल्या नव्या पक्षाचं. दिवाळीत स्थापना, होळीआधी विलीन!

"आमच्याकडे कोंबड्याचं हेच झालं," काकू म्हणाल्या.

"कोंबड्याचं?"

"अगं, झारखंड पार्टीची निशाणी. वेगळं झारखंड राज्य मागणारा जयपालसिंग मुंडांचा पक्ष. १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅमला आपल्याला हॉकीचं सोनं मिळालं ना, त्या संघाचे कप्तान. ऑक्सफर्डला शिकलेले, पण घटना समितीत स्वतःला खुशाल जंगली म्हणवून घेतलं. लोक त्यांना मरांग गोमके म्हणत, म्हणजे थोरले पुढारी."

"मग मतं पडली का?"

"पडली म्हणजे! तिकडे शेजारच्या मुंडा आजी सांगायच्या, १९५२ ला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. शिक्का मारायची भानगड नाही. कोंबडा चिकटवलेली पेटी शोधायची, चिठ्ठी आत टाकायची. बिहार विधानसभेत तीसच्या वर आमदार, काँग्रेसखालोखाल! १९५७ ला तर तुमच्या मुंबईचे माजी महापौर मिनू मसानी याच पक्षाच्या पाठिंब्यावर रांचीतून खासदार झाले."

"आणि राज्य?"

"कुठलं! राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ लाच नाही म्हटलेलं. आदिवासी तिथे बहुसंख्य नाहीत म्हणे. मग १९६२ ला जागा घसरल्या आणि पुढच्या वर्षी जयपालसिंगांनी अख्खा पक्ष काँग्रेसमध्ये नेला. ज्यांच्याशी दहा वर्षं भांडलात, त्यांच्याच पंगतीला! आजींनी त्यांना कधी माफ केलं नाही."

"दमले असतील हो. पैसा नाही, हाती राज्य नाही. तेरा वर्षं पक्ष चालवायचा म्हणजे काय खायचं काम आहे?"

"दमावं गं, पण घर विकून दमू नये." काकूंनी कढीपत्ता तोडून माझ्या हातात दिला. "आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहिलं? झारखंड झालंच. १५ नोव्हेंबर २०००, बिरसा मुंडांची जयंती. फक्त जयपालसिंग ते बघायला नव्हते. ते १९७० सालीच गेले."