बेल्जियम है, साहब!

आमच्या दिवाणखान्यात काहीतरी जुनं हवं, असं गेल्या दिवाळीत ठरलं. मी ५८ वर्षांचा आहे आणि माझी आई ८४ वर्षांची. हे ठरलं तेव्हा आम्ही दोघंही दिवाणखान्यातच बसलो होतो. पण बोलणं भिंतीबद्दल चाललं होतं.

टीव्हीशेजारची भिंत रिकामी वाटते, असं हिचं म्हणणं. ती भिंत २३ वर्षं रिकामीच आहे आणि तिनं आजवर कुणाला काही वाटू दिलं नव्हतं. मग हिनं एका मासिकात कुणाचंसं घर पाहिलं. त्यात भिंतीवर शिसवी चौकटीचा भलामोठा आरसा होता आणि काचेवर सगळीकडे काळपट डाग. "बघा ना, किती सुंदर पारा उडालाय," ही म्हणाली. आमच्या लग्नाला ३० वर्षं झाली. या काळात पारा चढल्याचे प्रसंग पुष्कळ पाहिले. पारा उडाल्याचं कौतुक मात्र प्रथमच ऐकलं.

आमच्या गिरगावातल्या खोलीत आजोबांचा असाच आरसा होता. त्याचा पारा उडाला तेव्हा आईनं भंगारवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, चौकट घेतो, काच नको, तेवढी काढून द्या. आईनं ती काढून दिली, म्हणजे फोडून दिली. ही हकिगत तिनं मासिकातलं चित्र बघता बघता सांगितली आणि वर "तेव्हा आम्हाला त्यात तोंड बघायचं असायचं," असा खुलासाही केला.

मी मुंबईच्या चोर बाजारात गेलो तो शुक्रवारी. जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी रस्त्यावर जुना बाजार भरतो. तिथं मला एक बूट मिळाला असता, पण आरसा नाही. पुढच्या रविवारी मटण स्ट्रीटवर पुन्हा गेलो. पहिल्या दुकानात एका आरशाकडे मी नुसती मान वळवली, तर आतून आवाज आला, "बेल्जियम है, साहब!"

दुसऱ्या दुकानातला आरसाही बेल्जियमचाच निघाला. तिसऱ्यातला आणि पाचव्यातलाही. चौथा दुकानदार जेवायला गेला होता, पण त्याच्या पोऱ्यानं जाता जाता सांगितलं, बेल्जियम.

बेल्जियम क्षेत्रफळानं पुणे जिल्ह्याच्या जेमतेम दुप्पट आहे. शार्लरुआच्या पट्ट्यात दगडी कोळसा मुबलक होता, त्यावर काचेच्या भट्ट्या चालत आणि तिथली काच जगभर जात असे, हे खरं. मुंबईतल्या इराण्यांच्या हॉटेलांतल्या भिंतींवरही बेल्जियमचे म्हणून आरसे मिरवत. त्यांत चेहरा इतका स्वच्छ दिसायचा, की आरशात बघून केस विंचरू नयेत अशी पाटी लावावी लागे. पण माझ्या हिशेबानं त्या एका गल्लीत जितके बेल्जियमचे आरसे आहेत, तितके बनवायचे तर त्या देशातल्या सर्वांनी शेतीवाडी, लग्नकार्यं सोडून फक्त आरसेच करायला हवे होते. एकानं मला त्याचा आरसा २५० वर्षं जुना बेल्जियम असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, बेल्जियम देश झाला १८३० साली. त्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "इसीलिए तो रेअर है."

पुरावस्तूंबद्दल १९७२ सालचा कायदा आहे. त्यानुसार अशी वस्तू पुरावस्तू म्हणवून घ्यायची तर ती निदान १०० वर्षांची असावी लागते. म्हणजे वय सांगताना जपून सांगावं. बाजारात वेगळी पद्धत आहे. आपण आवडल्याचं दाखवलं की आरशाचं वय वाढतं, आणि घासाघीस सुरू केली की वय राहतं तिथंच, पण तो एखाद्या वाड्यातून आलेला निघतो. एक आरसा तर शनिवारवाड्यातल्या आरसेमहालातला होता. शनिवारवाडा १८२८ साली आगीत जळाला. त्यात आरसा वाचला कसा, असं विचारल्यावर चौकटीच्या कोपऱ्यातला काळा डाग मला पुरावा म्हणून दाखवण्यात आला.

मी कारकुनी स्वभावाचा माणूस. पुढचे चार रविवार अभ्यास केला. आरशाचं खरं वय पाठीमागे कळतं. मागे जुन्या लाकडाच्या, एकसारख्या न रंगलेल्या फळ्या असाव्यात. प्लायवूड निघालं तर नमस्कार करून पुढे जावं. काचेला नख टेकवावं: नख आणि त्याचं प्रतिबिंब यांत जितकं अंतर, तितकी काच जाड. जुनी काच बहुधा पातळ असते. हातानं पाडलेला कडेचा पैलू बोटाला जेमतेम लागतो, यंत्राचा टोचतो. आणि डाग. खरा आरसा कडेनं आणि खालून बिघडत जातो, कारण ओल तिथून शिरते. खोट्याला मागून ॲसिड लावलेलं असतं, त्याचे डाग रांगोळीच्या ठिपक्यांसारखे शिस्तीत पडतात. लोक आरशासमोर उभे राहतात. मी महिनाभर आरशांच्या मागे उभा होतो. दोन दुकानदारांनी मला महापालिकेचा माणूस समजून चहा पाजला.

पाऱ्याचं प्रकरण तर आणखी अवघड. जुन्या काळी दगडी टेबलावर कथलाचा पातळ पत्रा पसरून त्यावर पारा ओतत, वरून काच सरकवत आणि जादा पारा निथळून जावा म्हणून वजनं ठेवत. ते काम करणाऱ्यांचे हात पुढे थरथरू लागत. १८३५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं काचेवर चांदीचा थर चढवण्याची रीत काढली आणि हळूहळू पारा मागे पडला. आपण मात्र अजून पाराच उडवतो. थोडक्यात निवड अशी, की फार जुना आरसा घेतला तर त्यातून खरोखरीचा पारा झिरपू शकतो, आणि जरा कमी जुना घेतला तर त्याची चांदी मुंबईच्या दमट हवेत काळी पडते. मी एका दुकानदाराला विचारलं, यात पारा आहे की चांदी? तो म्हणाला, "आपको क्या चाहिए?"

अखेर ४०,००० सांगितलेला आरसा मी २२,००० ला घेतला. चौकट बर्मा सागवानाची. बर्मा हा लाकडाचा बेल्जियम आहे. डाग कडेनं आले होते, फळ्या जुन्या होत्या, नख पास झालं. शेजारीच एक स्वच्छ काचेचा आरसा होता, तोही तसाच जुना, पण ९,००० चा. त्यात चेहरा दिसत होता, म्हणून स्वस्त.

वजन ३१ किलो. टेम्पोचे १,८००, चढवणाऱ्यांचे ६००. आमच्या सोसायटीत ड्रिल मशीन दुपारी दोन ते चार चालवता येत नाही, आणि ड्रिलवाला फक्त दोन ते चार मोकळा असतो. व्हर्सायच्या राजवाड्यातल्या दालनात ३५७ आरसे बसवले आहेत. चौदाव्या लुईच्या सोसायटीचे नियम बहुधा वेगळे असावेत. अकराव्या दिवशी ड्रिलवाला आला, त्यानं भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि निकाल दिला: भिंत चार इंची आहे, हा लोड घेणार नाही. मग आरसा त्याच भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवण्यात आला. हिला हे मनापासून पसंत पडलं. हल्ली असेच ठेवतात म्हणे. भिंत वर अजून रिकामीच आहे.

आता आरसा तिरका असल्यामुळे सोफ्यावर बसलं की त्यात छताचा पंखा दिसतो. तोंड बघायचं तर समोर मांडी घालून बसावं लागतं, आणि बसलं की नाकाच्या जागी डाग येतो. दाढी मी पूर्वीप्रमाणेच न्हाणीघरातल्या, प्लॅस्टिकच्या चौकटीच्या आरशात करतो. तो ११० रुपयांचा आहे आणि त्यात दोन्ही कान दिसतात. आई टिकली लावायला लोखंडी कपाटाच्या आरशापुढे जाते. तिच्या उतरवलेल्या टिकल्याही तिथंच चिकटवलेल्या असतात. पाहुणे मात्र थेट नव्या आरशापुढे वाकतात आणि "ओरिजिनल?" असं विचारतात. ही माझ्याकडे बघते. मी म्हणतो, बेल्जियम.

खरी अडचण कामाच्या मावशींची झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी आरसा ओल्या फडक्यानं आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यानं अर्धा तास घासला आणि काकुळतीला येऊन म्हणाल्या, "दादा, ह्याचे डाग जात न्हाईत." हिनं धावत येऊन त्यांना थांबवलं. पाणी लावायचं नाही, घासायचं नाही, तो जुना आहे, ते डाग तसेच ठेवायचे असतात, असं नीट समजावलं. मावशींनी ऐकून घेतलं. डागांचे पैसे दिलेत का, एवढंच विचारलं. ही हो म्हणाली.

तेव्हापासून त्या आरशाला हात लावत नाहीत. परवा मी सोफ्यावर बसलो असताना आरशात पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ दिसली. काचेतली असेल म्हणून वर बघितलं, तर पंख्यावरचीच होती. मावशींना हाक मारून दाखवली.

"त्यो बी जुनाच हाय न्हवं?" त्या म्हणाल्या, आणि भांडी घासायला आत गेल्या.