वाडीत जे उसनं मिळत नाही

नागपुरातून अमरावती रस्त्याने सायकल हाणणाऱ्याला वाडी ओलांडावीच लागते. वाडी म्हणजे ट्रान्सपोर्टची कार्यालयं, गोदामं, चहाच्या टपऱ्या आणि ट्रकच्या पोटाखाली आडवे झालेले मेकॅनिक. मधून जातो तो जुना ६ नंबरचा, आता ५३ म्हणवणारा राष्ट्रीय महामार्ग. शेजारी अंबाझरीची आयुध निर्माणी, जिथे पिनाक रॉकेटचं काम चालतं. अशा यंत्रनिपुण मुलखातून रोड बाइकवाला सीटखाली थैली बांधून, तिच्यात ट्यूब आणि पाने कोंबून निघाला की बघणाऱ्याला गंमत वाटणारच. दहा पावलांवर पंक्चरवाला बसलेला असताना हे गबाळं कशाला जी? प्रश्न रास्त आहे, आणि थैलीत काय भरायचं याचं उत्तरही त्यातच आहे. वाटेत उसनं मिळत नाही तेवढंच बरोबर घ्यावं. मिळतं ते खुशाल घरी ठेवावं.

आता वाडी काय काय उसनं देते ते पाहू, कारण सायकलवाले तिला कमी लेखतात. हवा हवी तेवढी मिळते. ट्रकच्या चाकात शंभराच्या वर पीएसआय कोंबणाऱ्या कॉम्प्रेसरला आपल्या टायरचे ऐंशी-नव्वद म्हणजे नुसती फुंकर. हातोडा, पकड, स्क्रू ड्रायव्हर, तार, सुतळी, ग्रीस, हात पुसायला चिंधी, सारं काही हजर असतं. अॅलन कीसुद्धा बऱ्याच गॅरेजांत सापडते. टायरची बगल फाटली तर आत लावायला ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मागावा. तो असा दणकट असतो की त्यासाठी परदेशी कंपनीचं खास ठिगळ विकत घेणाऱ्याची कीव यावी. शिवाय ‘काहून थांबले भाऊ?’ ही चौकशी आणि तिच्यामागून येणारा सल्ला फुकट. सल्ला बहुधा मोटारसायकलचा असतो, पण देणारा मनापासून देतो.

एवढं सगळं देणारी वाडी एका बारीक वस्तूपाशी मात्र हात टेकते. रोड बाइकच्या ट्यूबला प्रेस्टा वाल्व असतो, किरकोळ अंगाचा आणि डोक्यावर इवलीशी चकती असलेला. रिमचं भोकही त्याच मापाचं, साधारण साडेसहा मिलिमीटर. मोटारसायकलचा जाड वाल्व त्यातून जात नाही, आणि गेलाच तर भोक मोठं करून जातो. ते काम वाडीत कुणीही आनंदाने करून देईल, हीच खरी भीती. बरं, कॉम्प्रेसरचं तोंड प्रेस्टावर बसत नाही. म्हणजे समुद्र समोर आणि तांब्या घरी. त्यासाठी पितळेचा बोटाच्या पेराएवढा अॅडॅप्टर लागतो. चेनचंही तसंच. गावातल्या काळ्या सायकलची चेन रुंद, अकरा गिअरवाली अरुंद, त्यामुळे तुटल्यावर एकीची कडी दुसरीला लागत नाही. मागच्या गिअरचं यंत्र ज्या कानाला टांगलेलं असतं तो अॅल्युमिनियमचा हँगर तर प्रत्येक कंपनी आपापल्या लहरीने घडवते. तो शेजारच्या सायकलवाल्याकडेही मिळायचा नाही. आणि टायर काढायची ट्रकवाल्याची लोखंडी पहार हातभर लांब. कार्बनच्या रिमला ती लावू देणं म्हणजे दात कोरायला कुदळ देण्यासारखं. तेव्हा दोन ट्यूब, अॅडॅप्टर, चेनची जोडकडी, हँगर आणि प्लॅस्टिकचे दोन-तीन लिव्हर, एवढं आपलं आपण न्यावं. जोडकडी बसवायच्या आधी चेनचा तुटका भाग काढावा लागतो, म्हणून चेन-तोड असलेलं छोटं मल्टिटूलही हवं.

यावर वजनाचा आक्षेप येतोच. हा आक्षेप घेणारा माणूस दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी हजारो रुपये मोजून कार्बनचा हँडलबार बसवतो आणि परतताना सांबारवडी व तर्री पोहे असा बंदोबस्त करून येतो. वरच्या यादीतली ट्यूब शंभरेक ग्रॅमची, बाकीच्या वस्तू त्याहून हलक्या. मल्टिटूल धरूनही सारं मिळून अर्ध्या किलोच्या आत बसतं, म्हणजे पाण्याच्या भरलेल्या बाटलीपेक्षाही कमी. काही जण थोर सायकलपटूंचे फोटो दाखवतात: बघा, सीटखाली काही नाही! नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यतीत स्वाराच्या मागे सुट्या भागांसकट, माणसांसकट गाडी चालते. आपल्यामागे वाडीत गाडी असते ती सिमेंटच्या ट्रकची, आणि तिचा भोंगा मदतीचा नसतो.

उलट टोकाचे लोकही आहेत. ‘काही सांगता येत नाही’ हे त्यांचं ब्रीद. त्यांच्या थैलीत स्पोकची चावी, बॉटम ब्रॅकेटचा पाना, हातमोजे, तेलाची बाटली आणि घरच्यांना न सांगता घेतलेली काही किमती अवजारं असतात. त्यांना एवढंच विचारावं की यातलं तुम्हाला काय काय चालवता येतं? हातात कसब नसेल तर अवजार म्हणजे निव्वळ ओझं, आणि कसब मात्र बिनवजनाचं. १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये तुर्माले घाटाच्या उतारावर युजीन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही, असा नियम. तो सायकल खांद्यावर घेऊन काही तास चालत सेंत-मारी-द-कांपाँ गावी पोहोचला, लोहाराची भट्टी वापरायला घेतली आणि फोर्क स्वतः जोडला. भाता एका पोराने ओढला म्हणून क्रिस्तोफलाच वर दंड झाला. फोर्क आणि भट्टी थैलीत कुणी नेत नाही. भट्टी गावाने दिली, हात त्याचे होते. आजच्या ब्रेव्हेतही, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत काटताना मागे आपली गाडी ठेवता येत नाही, पण रस्त्यावरच्या दुकानाचा दरवाजा मोकळा असतो. हा नियम मला फार शहाणा वाटतो.

‘फोन आहे ना, मित्राला बोलावू’ असं म्हणणाऱ्यांना मित्राची बाजू विचारावी. रविवारी पहाटे साडेपाचला तो उठेल, पण पुढची पाच वर्षं प्रत्येक लग्नात ती हकिकत सांगेल. टायरमध्ये द्रव भरून ट्यूबमुक्त झालेल्यांचा दावा जास्त वजनदार आहे. बाभळीचा काटा, सराटा, फुटलेल्या ट्रक टायरमधून रस्त्याकडेला पडलेली केसासारखी पोलादी तार, ही आपली नेहमीची मंडळी. बारीक भोकं तो द्रव खरंच बुजवतो. मोठी चीर मात्र बुजत नाही, आणि मग आत ट्यूबच घालावी लागते. म्हणजे थैलीतून ट्यूब काही हलली नाही, फक्त हात चिकट झाले.

एक आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. वाडीची उदारता वाडीपुरती. गोंडखैरी मागे पडली की दुकानं विरळ होतात. कळमेश्वर, काटोलकडच्या आतल्या रस्त्यांवर तर मैलोगणती संत्र्याच्या बागा, आणि संत्र्यात हवा भरण्याजोगं काही नसतं. तिथे पंपही न्यावा लागतो, अॅलन कीही, आणि ठिगळं व सोल्यूशनही. उसनवारीचा नकाशा प्रत्येक रस्त्याचा वेगळा असतो, म्हणून यादी दर वेळी नव्याने करावी. पोळ्याच्या दिवशी तर आणखी वेगळी, कारण त्या दिवशी विदर्भात हवा भरणारा माणूसही बैल सजवायला गेलेला असतो. त्याला चाकाबद्दल विचारलंच तर तो बैलगाडीचं समजेल, आणि तिला पंक्चर होत नाही हे हसत हसत सांगेल.