सराव संच क्रमांक सात

दिवाळी आटोपली की आमच्याकडे मंडईचे दिवस लागतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. रात्रभर दंडारीचा खेळ आणि घरोघरी पाहुणे. यंदा घरचे सगळे मंडईला गेले आणि मी, पन्नाशीला टेकलेला जिल्हा परिषदेचा गुरुजी, आंधळगावातल्या माझ्या ओसरीवर सराव संच क्रमांक सात घेऊन बसलो. निघताना बायको म्हणाली, "अभ्यास करा. आल्यावर विचारीन." पंचवीस वर्षं हेच वाक्य मी लोकांच्या लेकरांना ऐकवत आलो. ऐकायला ते इतकं बोचतं हे ठाऊक असतं, तर जरा हळू म्हटलं असतं.

झालं असं, की १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. नोकरीची पाच वर्षांहून जास्त उरली असतील त्या शिक्षकानं दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. पाचपेक्षा कमी उरलेल्यांची नोकरी शाबूत, बढती मात्र नाही. माझी आठ उरलीत. आमचे हेडमास्तर चार वर्षांत सुटतात, त्यामुळे "कुठवर आला अभ्यास?" असं ते मला रोज फार मायेनं विचारतात. मी डीएड करून लागलो तेव्हा ही परीक्षा जन्मालाच आली नव्हती. राज्यात पहिली टीईटी झाली १५ डिसेंबर २०१३ ला. त्या दिवशी मी पर्यवेक्षक होतो. "माना खाली" म्हणत रुबाबात हिंडलो होतो. आता मान खाली घालायची पाळी माझी.

पेपर दीडशे प्रश्नांचा, वेळ अडीच तास. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, त्यातच गोल रंगवायचा. गोलाबाहेर रंग जाऊ देऊ नका, हे मी पहिलीच्या पोरांना सांगतो. माझा मात्र चष्म्यामुळे जातो. खुल्या वर्गाला नव्वद मार्क लागतात. चुकलं तर मार्क कापत नाहीत, एवढीच काय ती दया.

माझा कोच माझाच जुना विद्यार्थी आहे. चौथीत सतराच्या पाढ्याला दर वेळी अडायचा. आता पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक असे सगळे पेपर देऊन झाल्यावर त्यानं झेरॉक्सचं दुकान टाकलंय आणि फावल्या वेळात माझ्यासारख्यांना घडवतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "गुरुजी, प्रश्न पुरा वाचतच बसू नका जी. आधी ऑप्शन पाहा. दोन तर दिसताच उडतात."

"आणि उरलेले दोन?"

"ज्यात मुलाले संधी द्या, समजून घ्या, असं गोड बोलणं असंल, तो मारा."

पोरगा खोटं बोलत नव्हता. 'एक मूल सतत खिडकीबाहेर पाहते, शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल?' यावर शिक्षा, पालकांना चिठ्ठी, दुर्लक्ष आणि आवड जाणून घेणे असे चार पर्याय. माझ्या अनुभवानं आधी आपणही बाहेर पाहावं. बहुतेक वेळा खिचडीच्या शेडवर वांदर बसलेलं असतं. हा पर्याय एकाही संचात नाही.

घंटा वाजली की तोंडाला पाणी सुटतं, हे पावलोवनं कुत्र्यावर प्रयोग करून सिद्ध केलं म्हणे. आमच्याकडे पोषण आहाराच्या घंटेला ते रोज सिद्ध होतं, त्यात गुरुजीही आले.

पण मला खरा नडला तो बालमानसशास्त्रातला पियाजे. सात वर्षांखालच्या मुलाला पसरट भांड्यातलं पाणी त्याच्यासमोर उंच भांड्यात ओतून दाखवा. ते म्हणेल, उंच भांड्यात जास्त आहे. हा प्रश्न प्रत्येक संचात असतोच. म्हटलं, दिवाळीच्या सुट्या लागायच्या आत करूनच पाहू. पहिलीच्या वर्गात स्टीलची वाटी घेतली, पाणी उंच ग्लासात ओतलं आणि एका चिमुरडीला विचारलं, "सांग, कशात जास्त होतं?"

ती ग्लासाकडे पाहीना, टेबलाकडे पाहत होती. म्हणाली, "वाटीत. आता सांडलं ना जी."

खरंच चमचाभर सांडलं होतं. हजेरीपटाचा कोपरा भिजला होता.

शेजारी कोशाच्या रेशमाचा माग आहे. मी ओसरीवर मोठ्यानं वाचायला लागलो की तिकडली खटखट थांबते. मागावरचे काका एकदा हातातला धोटा ठेवून म्हणाले, "म्हंजे तुमाले शिकवताना कोनी पाहनार नाही?"

"नाही. नुसते गोल रंगवायचे."

"अजबच हाय. आमचं गिऱ्हाईक कापड अंगठ्यानं चोळून पाहते. मले किड्याच्या साहेबाचं नाव नाही विचारत."

किड्याचा साहेब म्हणजे पियाजे, हे कळायला मला जरा वेळ लागला.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी सातवा संच तपासायला दुकानात नेला. कोचनं लाल पेन काढला, गोल मोजले, पुन्हा मोजले.

"एकोणनव्वद."

"एक मार्क दे की रे."

"लिहिलं असतं तर दिला असता, गुरुजी," तो म्हणाला. हे वाक्य मी त्याच्या बापाला ऐकवलं होतं, त्याच्यादेखत. त्या वेळी तो शर्टाची गुंडी चावत उभा होता.

कुठला चुकला म्हणून पाहिलं, तर एकसष्ट चुकलेल्यांत पाण्याचाही होता. मी 'पसरट भांड्यात जास्त' रंगवून आलो होतो. त्याला वाटीची सगळी हकिकत सांगितली. तो मनापासून हसला, मार्क काही दिला नाही. मग संच क्रमांक आठची झेरॉक्स काढून दिली. चोवीस रुपये झाले होते, गुरुजी म्हणून वीस घेतले.